औषध जेवणानंतरच

मिरजेत संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणाऱ्या बहुतेकजणी नर्स आहेत. ड्यूटी संपवून, कधी कधी युनिफॉर्मवरच येतात. इंग्लंड-आयर्लंडला जायचं म्हणून ओईटीची, म्हणजे डॉक्टर-नर्ससारख्यांसाठीच्या इंग्रजी परीक्षेची, तयारी चाललेली असते. या परीक्षेत बोलण्याचे दोन रोल-प्ले असतात. प्रसंगाचं कार्ड हातात पडल्यावर 3 मिनिटं विचार करायला, मग साधारण 5 मिनिटं समोरच्या 'पेशंट'शी बोलायचं. 2018 पासून पेशंटशी नातं कसं जोडता, यालाही वेगळे गुण आहेत. व्याकरणात या मुली पक्क्या असतात. गाडी अडते ती इथे.

परवा एकीच्या कार्डावर होते गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दुखण्याने वैतागलेले आजोबा. ती म्हणाली, "आय अंडरस्टँड युवर पेन, सर." खाटेचा नंबर वाचावा तसं, एका पट्टीत. मी विचारलं, वॉर्डात हेच कसं म्हणतेस गं? लगेच आलं, "अहो आजोबा, खूप दुखतंय ना? कळतंय हो मला." 'खूप' लांबला, 'ना'वर आवाज मऊ झाला. माया तिच्याकडे भरपूर आहे, इंग्रजीत ती ठेवायची कुठे हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

आपल्याकडे च, ना, हो, तर, की अशी हुकमी अक्षरं आहेत. शब्दाला चिकटवली की काम झालं. इंग्रजीत हे ओझं बरंचसं आवाज उचलतो. एक शब्द उंच आणि लांब, बाकीचे आखडते. आपण मात्र प्रत्येक अक्षराला सारखा वेळ देतो. "आय कॅन हेल्प यू" सहज म्हटलं तर 'कॅन'चा जेमतेम 'कन' होतो, भर पडतो 'हेल्प'वर. 'कॅन' ठासून म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हिच्यावर कुणी शंका घेतली होती का?

'च'साठी आपण 'ओन्ली' जोडतो. "टेक इट आफ्टर फूड ओन्ली." इथे सगळ्यांना कळतं, मी त्याला चूक म्हणत नाही. पण तिकडच्या वॉर्डात 'आफ्टर'वर भर द्यावा, आणि उपाशीपोटी चालतच नसेल तर सरळ दुसरं वाक्य बोलावं: "नेव्हर ऑन ॲन एम्प्टी स्टमक." औषधाच्या बाबतीत मी यावर अडून बसते.

नातेवाईक चिडून म्हणाले की इथे कुणी बघतच नाही, तर "वुई डू चेक हिम एव्हरी फोर अवर्स." भर 'डू'वर. बघतो हो आम्ही, नक्की बघतो, हे सगळं त्या एका 'डू'त येतं.

काहीजणी व्हिडिओ बघून "वॉव", "ओ माय गॉड" अशा उद्गारांच्या याद्या पाठ करून येतात. मला ते अजिबात पटत नाही. दुखणाऱ्या माणसापुढे आवाज चढवायचा नसतो, उतरवायचा असतो. "दॅट मस्ट बी रिअली पेनफुल." 'रिअली' जरा लांबवायचा, आणि मग थांबायचं. हे थांबणंच सगळ्यात अवघड जातं, कारण पुढचा प्रश्न जिभेवर तयार असतो.

पुढच्या आठवड्याचा गृहपाठ मराठीतलाच दिलाय: ड्यूटीवर आजी-आजोबांशी बोलताना आपला आवाज कुठे चढतो, कुठे उतरतो, कुठे थांबतो, ते टिपून आणायचं. त्याच वाक्यांचं इंग्रजी आम्ही मग वर्गात करू.