शब्दवही, आठवडा अकरावा: एकच शब्द, त्सूक

पाच नामं संपवायची ठरवली होती, झालं एकच. जर्मनमधलं 'डेअर त्सूक' ('डेअर' हे पुल्लिंगी नामाचं उपपद). लिहिताना शेवटी ग, बोलताना क. अनेकवचनात ग पुन्हा ऐकू येतो, 'त्स्यूगऽ'.

रेल्वेगाडी हा अर्थ आपण सगळे पहिल्या महिन्यात शिकतो. माझी फजिती झाली ती श्रवणाच्या सरावात. बाई म्हणते, "एस त्सीट!" आणि नवरा उठून खिडकी लावतो. मी 'गाडी सुटतेय' असं लिहून मोकळी. ती म्हणत होती, वारं लागतंय! 'त्सीएन' म्हणजे ओढणे, त्याचंच नाम त्सूक. म्हणून वाऱ्याचा झोत, घोट, सिगारेटचा झुरका, पक्ष्यांचं स्थलांतर, मिरवणूक, चेहऱ्याची ठेवण, सगळं त्यात. दर अर्थाला एक कार्ड केलं होतं, ती फाडली. विडी आपणही ओढतोच की! बुद्धिबळात मात्र ही युक्ती अडते. मोहरं आपण ओढत नाही, चालवतो. तिथे 'त्सूक' म्हणजे चाल, हे पाठच करावं लागलं.

गाडीचा अर्थ तसा उशिराचा. जर्मनीतली पहिली वाफेची रेल्वे न्यूर्नबर्ग ते फ्युर्त धावली ७ डिसेंबर १८३५ ला. शब्द त्याच्या कितीतरी आधीचा. स्वित्झर्लंडमधल्या त्सूक गावाचं नाव मासेमारीची जाळी ओढण्यावरून पडलं.

मुळाकडे जाताना एकदा घसरले. संस्कृत 'दुह्'शी (दूध काढणे) नातं जोडून पान रंगवलं, मग खोडलं. दुह् मधला द मुळात ध आहे ('कामधुक्' मध्ये तो अजून दिसतो), आणि त्या ध चा जर्मनमध्ये त्स होत नाही. खरा भाऊबंद लॅटिनमधला 'दूकेरे', नेणे. त्यातूनच ड्यूक. जर्मन ड्यूक म्हणजे 'हेर्त्सोग', सैन्याला पुढे नेणारा. त्यातला 'त्सोग' याच घरातला. क्रियापदाच्या स्पेलिंगमध्ये ह आणि नामात ग का, याचं उत्तर भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हर्नरच्या नियमात आहे (जुन्या आघाताच्या जागेप्रमाणे व्यंजन बदलतं). त्यावर दोन संध्याकाळी गेल्या, अजिबात पश्चात्ताप नाही.

सगळ्यात आवडलेला प्रयोग: 'इन फोलन त्स्यूगन गेनीसन', मोठमोठे घोट घेत मजा लुटणे. शब्दशः 'भरलेल्या गाड्यांमधून मजा लुटणे' असाही निघतो, आणि जर्मन लोक गर्दीच्या गाडीत हा विनोद हमखास करतात.

'आउफत्सूक' (लिफ्ट, आणि नाटकाचा अंकसुद्धा), 'आनत्सूक' (सूट) आणि 'उमत्सूक' (बिऱ्हाड हलवणं) बाकी आहेत. उरलेली चार नामंही.