जुलाब नव्हेच, बद्धकोष्ठ! – माझा अनुभव

प्ले स्कूलच्या प्रवेशअर्जात अकरावा प्रश्न होता : ‘मुलाला शौचाची सवय लागली आहे का?’ पुढे दोन चौकोन, होय आणि नाही. काउंटरवरच्या मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "नाही असेल तर पुढच्या वर्षी या." लेक तेव्हा अडीच वर्षांची. मी ‘होय’वर खूण केली. त्या खुणेची फेड अजून चालू आहे.

शाळा उघडायला तीन आठवडे होते. तेवढ्यात डायपर सोडवायचाच असा चंग बांधला. शूचं आठवड्यात जमलं. शीसाठी दर तासाला पॉटीवर बसवत होतो, उठली की ओरडत होतो. लिहायला लाज वाटते, पण ओरडणारा मीच. त्यात एक दिवस खडा झाला, दुखलं, ती किंचाळली. तिच्या दृष्टीने विषय तिथेच संपला.

त्यानंतर कळ आली की ती फ्रीजमागे जायची. चवड्यांवर उभी, पायांची कात्री, एका हातात पडद्याचं टोक, चेहरा लालबुंद. आम्ही बाहेरून "जोर लाव, जोर लाव" म्हणायचो. ती जोर लावत होतीच, पण शी आत धरून ठेवायला. हे आम्हाला डॉक्टरांनी सांगेपर्यंत कळलं नाही. धरून ठेवलेल्या शीतलं पाणी आतडं शोषून घेतं, ती आणखी कडक होते, पुढच्या वेळी आणखी दुखतं, मूल आणखी धरून ठेवतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेतून फोन आला. "तिला जुलाब होताहेत, घेऊन जा." चड्डीला पातळ लागलं होतं खरं. आम्हीही जुलाबच समजून फळं, भाज्या बंद केल्या आणि मऊ भात, बिस्किटं सुरू केली. थोडक्यात, जे करायला नको ते मनापासून केलं. तीन आठवडे कधी चार दिवस काहीच नाही, कधी दिवसातून पाच वेळा चड्डी बदल. तिसऱ्यांदा घरी पाठवलं तेव्हा बाईंनी सांगितलं, आता डॉक्टरांचा दाखला आणल्याशिवाय पाठवू नका.

इथल्या, गोव्यातल्या म्हापशाच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी पोट चाचपलं आणि माझा हात धरून लेकीच्या पोटावर डावीकडे खाली ठेवला. कातडीखाली टणक गोळे लागत होते. "हे जुलाब नव्हेत. गटारात दगड अडकला तर पाणी कडेनं पाझरतंच ना? तसं हे पाझरतंय."

आता दाखल्याची गोष्ट, कारण हे सगळं लिहायला बसलो ते तिच्यामुळेच.

शाळेचा छापील नमुना होता : ‘सदर पाल्याचा संसर्गजन्य आजार पूर्ण बरा झाला आहे.’ खाली डॉक्टरांची सही. डॉक्टर म्हणाल्या, "संसर्ग झालाच नाही, तर बरा झाला असं कसं लिहू?" त्यांनी आपल्या लेटरहेडवर स्वच्छ लिहिलं. बद्धकोष्ठ आहे, कोणाला लागण होणार नाही, शाळेत पाठवायला हरकत नाही, औषधाच्या दिवसांत चड्डीला लागू शकतं, मूल मागेल तेव्हा शौचालयात न्यावं. माझ्या मते याहून चांगला दाखला होऊच शकत नाही.

काउंटरवरच्या मॅडमनी तो दोनदा वाचला. "हा आमचा नमुना नाही."

"पण तुमच्या नमुन्यात हा आजारच बसत नाही."

"मग मुख्याध्यापिकांना भेटा. त्या मंगळवारी भेटतात."

मंगळवारी पावसाने शाळेला सुट्टी. पुढच्या मंगळवारी मी अर्धी रजा टाकून गेलो. पालकांसाठी वेगळी खुर्ची नव्हती म्हणून मुलांच्या वितभर उंचीच्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीला लावून, एक तास चाळीस मिनिटं बसलो. समोर भिंतीवर गाजर, टोमॅटो आणि वांगं हातात हात घालून हसत होते. मध्ये एकदा शौचालयात डोकावलो, आणि तिथे मला बरंच उमगलं. कमोड मोठ्या माणसांचा. आमच्या लेकीचे पाय जमिनीपासून चांगले वीतभर वर लोंबणार. पाय टेकल्याशिवाय पोटाला जोरच मिळत नाही. तुम्ही उंच स्टुलावर लोंबत्या पायांनी बसून बघा.

आत गेल्यावर मुख्याध्यापिकांनी अर्ज काढला, अकराव्या प्रश्नावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "तुम्हीच तर होय लिहिलंय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पण ‘नाही’ लिहिलं तर प्रवेश नाही, आणि ‘होय’ लिहिलं तर गुन्हेगार? अडीच वर्षांच्या पोराचं पोट चौकोनात बसतं थोडंच! शेवटी तोडगा काय निघाला, तर मी एका कागदावर लिहून द्यायचं की रोज दोन जास्तीच्या चड्ड्या आणि एक प्लास्टिकची पिशवी दप्तरात देईन. एवढंच हवं होतं, तर पहिल्या दिवशी सांगायचं! यात सतरा दिवस गेले.

बायको म्हणते, ते सतरा दिवस घरी मिळाले म्हणूनच औषध नीट लागू पडलं. असेल. मला तेवढं मोठेपण दाखवता येत नाही.

औषध म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर. पाण्यात विरघळते, चव जवळजवळ नाही. आतड्यात पाणी धरून ठेवते आणि शी मऊ करते. आधी काही दिवस जास्त मात्रा, साठलेलं सगळं बाहेर पडेपर्यंत (त्या दिवसांबद्दल न बोललेलं बरं, घरातल्या जुन्या चादरी काढून ठेवा), मग रोज थोडी, कित्येक महिने. मात्रा वजन बघून डॉक्टरच ठरवतात, शेजारणीच्या मुलाची आपल्याला चालत नाही. आणि इथेच मी दुसरा शहाणपणा केला. तीन आठवडे सगळं छान चाललंय बघून ऑगस्टमध्ये मनानेच बंद केली. पाचव्या दिवशी बाईसाहेब पुन्हा फ्रीजमागे. डॉक्टर म्हणाल्या, ताणलेलं आतडं मूळ आकारावर यायला वेळ लागतो, तोवर त्याला कळेची जाणीवही नीट होत नाही. बंद करायची ती हळूहळू, त्यांना विचारून.

आईने विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून तयार ठेवला होता, एरंडेलाची बाटलीही. दोन्हीला डॉक्टरांनी नाही म्हटलं. ज्या जागेची मुलाला भीती बसली आहे, तिथे आणखी काही खुपसायचं नाही.

दुधाचं राहिलंच. आमची लेक दिवसाला जवळजवळ ८०० मिलिलिटर दूध प्यायची, आम्हाला त्याचा अभिमान होता. दुधाने पोट भरलं की ती हुमण-भाताचे (म्हणजे माशाचं कालवण आणि भात) चार घास खायची, भाजीला तोंडच लावायची नाही. आता दूध ५०० च्या आत, तेही कपाने, बाटली बंद. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की मैद्याच्या पावाऐवजी कोंड्याची पोय घेतो. अळसांद्याचं तोणाक (चवळीसारख्या कडधान्याची नारळाच्या वाटणातली आमटी) चालतं, मुगागाठी (मोडाच्या मुगाची उसळ) चालतात, तांबडी भाजी (लाल माठ) भाकरीत लपवली तरच. पपई आवडते, पेरू बिया काढून. कोंडा वाढवला की पाणीही वाढवावं लागतं.

सगळ्यात उपयोगी पडली ती वेळ. खाल्ल्यावर आतडं आपसूक हलतं, म्हणून नाश्त्यानंतर वीसेक मिनिटांनी पाच मिनिटं बसायचं. शी झाली नाही तरी शाबासकी बसल्याबद्दल. पायांखाली मी घरचा पाट ठेवला, तर आई कडाडली, "जेवायचा पाट संडासात?" मग शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून प्लास्टिकचं बुटकं स्टूल आणलं. गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत, एवढं बघून घ्या.

हे खरं तर आधी लिहायला हवं होतं : शीत रक्त, उलट्या, फुगलेलं पोट, ताप, वजन न वाढणं किंवा जन्मापासूनच शीचा त्रास असेल, तर घरगुती काही करत बसू नका, लगेच दाखवा.

परवा ती नाश्ता करून स्वतःच उठली, स्टूल फरफटत नेलं आणि आतून ओरडली, "बाबा, तू येऊ नको." मी बाहेर उभा राहिलो. जोर लाव म्हणालो नाही.

चतुर्थीला गावच्या घरी जायचंय. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीचं फळं-भाज्यांचं सामान अजून आणायचंय, पण ते निळं स्टूल गाडीच्या डिकीत जाऊन बसलंय.