तुम्ही विचारलंत म्हणून: हळदीकुंकवात हा विषय कशाला?

"समोर तिळगूळ, आणि तू शीचं काय काढतेस गं?" यंदा संक्रांतीला तिघींनी विचारलं. मागच्या वर्षी एकीने तर विचारायला नवऱ्याला पुढे केलं होतं. म्हणून एकदाच सगळं सांगते.

ऑगस्ट २०१९. ह्यांना साठ पूर्ण झाली आणि थोड्याच दिवसांत एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, पाकीट आलं: मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी घरीच शीचा नमुना घ्यायचं किट. तेव्हा इथे इंग्लंडमध्ये ते साठीला यायचं. आता ५० ते ७४ वयापर्यंत दर दोन वर्षांनी येतं. आत बोटाएवढी बाटली आणि तिच्या झाकणालाच खाचा असलेली काडी. ह्यांनी कागद वाचला, "रविवारी करतो" म्हणाले आणि किट बाथरूमच्या खिडकीत ठेवलं.

२ सप्टेंबरला गणपती. वीसेक माणसं येणार, आणि सगळी त्याच बाथरूममध्ये जाणार. मोदकांची उकड मळताना मला एकदम ती खिडकी आठवली. हात धुतले, धावत वर गेले. ते किट मी दोन बोटांच्या चिमटीत धरलं, जणू भरलेलंच आहे. कोरं करकरीत होतं हो! तरी कपाटाच्या खालच्या खणात जुन्या पडद्यांखाली सारल्यावर मी पुन्हा हात धुतले, साबण लावून, दोनदा. गणपती गेले, पडदे तिथेच राहिले. महिन्याभराने आठवणीचं पत्र आलं. "आज सांगते" म्हणत तेही त्याच खणात टाकलं. ह्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी ह्यांना रक्त दिसायला लागलं. मूळव्याध असेल म्हणून रोज रात्री इसबगोल, मला पत्ता लागू न देता. त्यात कोविड, जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, जायचं नाव नको. फेब्रुवारी २०२१ मध्ये जिना चढताना धाप लागली तेव्हा मी जबरदस्तीने फोन लावला. हिमोग्लोबिन आठच्या खाली. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, तिसरी स्टेज. ऑपरेशन, केमो. हे आहेत, समोर पेपर वाचतायत. मी हे लिहितेय ते त्यांना मुळीच पसंत नाही.

तेव्हा किट केलं असतं तर सापडलं असतं का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. ती तपासणी डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधते. त्या दिवशी गाठीतून रक्त आलंच नसतं तर निकाल नॉर्मल आला असता. (आणि रक्त दिसत असेल तर किटची वाट बघायचीच नाही, सरळ जीपी गाठायचा.) शिवाय साठीचा माणूस, स्वतःचं पाकीट स्वतः शोधता येत नव्हतं? त्यांचं आतडं, माझी जबाबदारी कशी? हे भांडण मी माझ्याशीच कितीदा जिंकलेय. मग पडदे धुवायला काढते, आणि तो खण उघडावा लागतो.

"आम्ही शाकाहारी, आम्हाला कशाला?" हेही शाकाहारीच. "पोस्टाच्या पेटीत टाकायचं? शी?" हो, शी, आणि वर तिकीटही लागत नाही. आइस्क्रीमचा रिकामा डबा धरायचा, काडी फिरवायची, खाचा भरल्या की बाटलीत खटकन बंद, वर तारीख. शंभरात साधारण दोघांनाच पुढे कोलोनोस्कोपीला, म्हणजे दुर्बिणीने आतडं आतून बघायला, बोलावतात, त्यातल्या बहुतेकांना कॅन्सर नसतो, आणि पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या छोट्या वाढी, सापडले तर बहुतेक वेळा तिथल्या तिथे काढून टाकतात. एवढं सांगायला मला दोन मिनिटं लागतात. तुमचं 'ईऽऽ' त्याहून जास्त वेळ चालतं.

एक गोष्ट मात्र मी हळदीकुंकवात सांगत नाही. हे सगळं होऊन गेल्यावर माझं पहिलं पाकीट आलं, तेही अकरा दिवस तसंच पडून होतं. बाराव्या दिवशी सकाळी ह्यांनी आइस्क्रीमचा डबा धुतला, संडासाच्या दाराशी ठेवला आणि काही न बोलता खाली चहा टाकायला गेले.