शाळेच्या दप्तरातली तेरेजा

भुसावळला आम्ही रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा मूळचे वसईचे, रेल्वेत फिटर. घरात वसईकडची सामवेदी बोली, शाळेत पुस्तकी मराठी आणि शेजारच्या लेवा काकूंकडे गेलं की त्यांची बोली. दर मंगळवारी आई संत अंतोनीच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावायची. काकू दारातूनच विचारायच्या, "आज कोनाचा वार वं?" आई सांगायची, "अंतोनीबाबाचा." तेवढं त्यांना पुरायचं. त्यांचं माहेर एदलाबादचं, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरचं. त्यांच्या देव्हाऱ्यात मुक्ताई होती, आणि संताला घरच्यासारखं हाक मारून बोलावं हे त्यांना कुणी समजावून द्यायची गरज नव्हती.

अंतोनी हरवलेल्या वस्तू शोधून देतो, हे आईकडून कळलं होतं. त्यामागची गोष्ट मात्र शाळेत, धर्मशिक्षणाच्या तासाला ऐकली. लिस्बनला ११९५ साली जन्मलेला हा मुलगा पुढे फ्रान्सिस्कन संघात संन्यासी झाला. त्याचं स्तोत्रांचं पुस्तक, त्यात हाताने लिहिलेली टिपणं, एक नवशिका संन्यासी मठ सोडून जाताना घेऊन गेला. छापखान्याआधीचा काळ, तसं पुस्तक पुन्हा मिळणं कठीण. अंतोनीने प्रार्थना केली आणि तो मुलगा पुस्तक घेऊन परत आला. १२३१ साली पादुआजवळ अंतोनी वारला, तेव्हा वय जेमतेम ३५-३६; वर्ष पुरं व्हायच्या आत त्याला संत म्हणून जाहीरही केलं. मी त्याच्याकडे काय काय मागितलं! कंपासपेटी, बाबांचा रेल्वे पास, एकदा गणिताचे मार्कसुद्धा. माझी भक्ती त्या वयात अशीच होती, मागण्याची.

आठवीत ती बदलली. आमच्या वर्गाच्या सिस्टर (नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं) कधी रागावल्या की आवाज चढवण्याऐवजी उतरवायच्या. दृढीकरणासाठी, म्हणजे बाप्तिस्म्याची श्रद्धा पक्की करण्याच्या ख्रिस्ती संस्कारासाठी, प्रत्येकीने एका संताचं नाव निवडायचं होतं. मी "तेरेजा" म्हणाले, कारण मला मदर तेरेसा माहीत होत्या. सिस्टर म्हणाल्या, "मदरनी ज्या तेरेजाचं नाव घेतलं, ती आधी बघ." आणि एक छोटं चित्र हातात दिलं. तपकिरी झगा, पांढरा अंगरखा, छातीशी क्रूस आणि गुलाब.

ही फ्रान्समधल्या लिझ्यूची तेरेजा. जन्म १८७३ चा. चार वर्षांची असताना आई कर्करोगाने गेली. पंधराव्या वर्षी ती कार्मेल संघाच्या जोगिणींच्या मठात शिरली आणि पुन्हा बाहेर आली नाही; चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली. मठाच्या भिंतीबाहेर एक पाऊल न टाकलेल्या या मुलीला १९२७ साली सगळ्या मिशनकार्याची पालक केलं. तेव्हा ते मला कोडंच वाटलं होतं. सिस्टरांनी उत्तर दिलं नाही, एक प्रसंग सांगितला. मठात सेंट पिएर नावाची एक म्हातारी सिस्टर होती, दुखण्याने किरकिरी झालेली. तिला रोज संध्याकाळी जेवणघरात नेणं हे काम तेरेजाने आपण होऊन मागून घेतलं. कमरेचा पट्टा मागून धरायचा, फार भरभर चालायचं नाही, फार हळूही नाही, नाहीतर बोलणी खायची. बसवून बाह्या दुमडून द्यायच्या. एकदा तेरेजाच्या लक्षात आलं की म्हातारीला पाव कापायला त्रास होतो. मग रोज पाव कापून द्यायचा आणि निघताना तिच्याकडे बघून हसायचं. गोष्ट एवढीच. वर्गात कुणी काही बोललं नाही. मी घरी येईपर्यंत त्या पावाचाच विचार करत होते.

पुढे मी नर्स झाले. धुळे, नंदुरबार, पुन्हा धुळे. त्यातली बरीच वर्षं टीबीच्या रुग्णांमध्ये गेली. तेरेजाला काय सोसावं लागलं असेल, ते मला तिथे कळलं. १८९६ च्या पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, गुरुवार उलटून शुक्रवार लागताना, तिच्या तोंडून पहिल्यांदा रक्त आलं. क्षयाचा जंतू १८८२ मध्ये सापडला होता, पण त्याला मारणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला १९४३ साल उजाडलं. म्हणजे आजार ओळखता येत होता, हातात काही नव्हतं. दीड वर्ष ती तशी झुरली. आणि नेमक्या याच काळात तिच्या मनातला उजेडही गेला. स्वर्ग आहे की नाही, असा अंधार. तरी ती प्रार्थना करत राहिली, हसत राहिली. वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णाच्या हाताशी विषारी औषधं ठेवू नका, असंही तिने बजावलं. हे वाचलं तेव्हा मी नाईट ड्यूटीवर होते. उठून मी औषधांच्या ट्रॉलीचं कुलूप पुन्हा बघून आले.

आमच्या वॉर्डात एक आजोबा होते. दिसेल त्याला शिव्या, ताट भिरकावणं. आयाबाई त्यांच्या कॉटजवळ जायला तयार नसत. मी दुधात भाकरी कुसकरून द्यायला लागले, कारण दात नसल्याने त्यांना ती चावता येत नाही हे कुणी पाहिलंच नव्हतं. मी काही विशेष केलं असं मला वाटत नाही. मला फक्त तो पाव आठवत होता. आजोबा शिव्या देतच राहिले, मात्र गोळ्या घ्यायला लागले.

धडगावकडची पावरी बोलणारी माणसं यायची. गोळ्या सहा महिने घ्यायच्या, बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत, हे त्यांना पटवायचं म्हणजे त्यांच्याच शब्दांत सांगायला हवं. मोडकंतोडकं शिकले. तेव्हा माझ्या वसईचा गोन्सालो गार्सिया जवळचा वाटायला लागला. बाप पोर्तुगीज, आई वसईची. तो पाद्री नव्हता, साधा ब्रदर. जपानी अस्खलित बोलायचा, म्हणून फ्रान्सिस्कनांनी त्याला दुभाष्या म्हणून नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत २६ जणांना क्रूसावर चढवलं, त्यात तो होता. १८६२ मध्ये तो संत ठरला. दुसऱ्याचं बोलणं तिसऱ्यापर्यंत नीट पोचवणं हे त्याचं काम. मला ते फार मोठं वाटतं. लहानपणी तीन बोलींत वाढले ते मला वॉर्डातच उपयोगी पडलं.

निवृत्तीनंतर मी भुसावळला परतले. काकू आता नाहीत. त्यांच्या सुनेकडे मुक्ताईच्या तसबिरीशेजारी एक लहान मेणबत्ती मात्र अजून असते, माझ्या आईने दिलेली. मंगळवारी ती लावतात.

सुवर्णमहोत्सवाच्या प्रदर्शनासाठी शाळेने जुन्या वस्तू मागितल्या आहेत. मी गणवेशाचा पट्टा दिला, आठवीचं प्रगतिपुस्तक दिलं, वर्गाचा फोटोही दिला. सिस्टरांनी दिलेलं चित्र तेवढं दिलेलं नाही. त्याचे कोपरे झिजलेत, एका बाजूला जेंशन व्हायोलेटचा डाग आहे. १ ऑक्टोबरला तेरेजाचा सण असतो. त्या दिवशी मी अजूनही टीबी वॉर्डात दोन तास बसून येते, आणि चित्र पर्समध्ये असतं.