बॉक्स्टर एस 986: थेंबाचा उगम सापडला, कामाची यादी मात्र वाढली

माझ्या पोर्श बॉक्स्टरची तेलगळती सापडली, आणि ती आरएमएसची, म्हणजे क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाशी तेल अडवणाऱ्या रिअर मेन सीलची, नाही! इंजिनखाली थेंब दिसतो असं मागच्या नोंदीत लिहिल्यावर ‘रिअर मेन सीलच असणार, दुसरं काय’ म्हणत जे पैज लावून बसले होते, त्यांनी आता कबूल केलेल्या बिर्याणीची सोय बघावी.

गाडी तीच, 2001 ची बॉक्स्टर एस, 3.2 लिटरचं एम96.21 इंजिन. थेंबही तोच, बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं, क्लचभोवतीचं आवरण) खालच्या सांध्यावर लोंबणारा. टीयूव्ही, म्हणजे गाडीची ठरावीक काळाने होणारी सक्तीची तपासणी, तोंडावर आली आहे. इथे जर्मनीत नुसती ओल दिसली तर तपासनीस शेरा मारून स्टिकर देतो. पण त्याच्या डोळ्यांदेखत थेंब पडला की गाडी नापास, आणि महिन्याभरात दुरुस्त करून परत हजर व्हायचं.

आधी सोपं काम सांगून टाकतो. स्पार्क प्लगच्या सहाही नळ्यांच्या ओरिंग (तेल अडवणाऱ्या रबरी कड्या) बदलून झाल्या. एका कॉइलचं रबरी टोपण तेलात भिजून फुगलं होतं, तिथूनच तेल एक्झॉस्टवर पडून सिग्नलला थांबलं की जळका वास यायचा. जुन्या ओरिंग बाहेर आल्या त्या काचेच्या बांगड्यांसारख्या, जरा वाकवली की कट्. नव्या ओरिंग तेलाचं बोट लावून बसवल्या, नळी हाताच्या तळव्याने दाबली तर शेवटच्या मिलिमीटरला ‘टुप्’ असा आवाज येऊन आत गेली. तो आवाज सहा वेळा ऐकला, पैसे वसूल. ओरिंग आणि गॅस्केटसाठी मी एल्रिंगचाच माल घेतो. कंपनी इथून जवळच, डेटिंगेनला आहे म्हणून नव्हे, तर जाडी दर वेळी तीच निघते म्हणून.

आता मुख्य रामायण.

बेलहाउसिंगवर थेंब दिसला की जो तो आरएमएसकडे बोट दाखवतो, त्याला कारण आहे. एम96 मध्ये क्रँकशाफ्टची मेन बेअरिंग्ज एका स्वतंत्र कॅरिअरमध्ये बसतात आणि तो कॅरिअर ॲल्युमिनियमच्या दोन अर्ध्या केसिंगच्या आत. सील मात्र त्या केसिंगमध्ये बसतं. म्हणजे शाफ्ट एकाच्या हवाली, सील दुसऱ्याच्या. दोघांची केंद्रं किंचित जरी सरकली तरी सीलचा ओठ एका बाजूला जास्त दाबला जातो आणि दुसऱ्या बाजूने तेल वाट काढतं. सुरुवातीच्या इंजिनांत हा त्रास इतका होता की ‘आरएमएस’ ही तीन अक्षरं ऐकली की 986 (ही बॉक्स्टर) आणि 996 (त्याच काळातली पोर्श 911) वाल्यांचा चेहरा पडतो. पुढे पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) सील आलं आणि बराच फरक पडला. माझ्या गाडीत आधीच्या मालकाने तेच टाकलंय, बिल फाइलमध्ये आहे. म्हणूनच मला पहिल्यापासून पटत नव्हतं.

दुसरा संशयित एओएस, म्हणजे एअर-ऑइल सेपरेटर, क्रँककेसमधल्या वाफेतून तेल वेगळं करणारा भाग. त्याचा पडदा फाटला की क्रँककेसमधलं निर्वात प्रमाणाबाहेर वाढतं आणि सीलांचे ओठ त्या ओढीने हलायला लागतात. त्याला निर्दोष सोडायला फार खर्च आला नाही. तेल भरायचं एक जादा झाकण घेतलं, त्याला भोक पाडून नळी जोडायची तोटी बसवली, पारदर्शक नळीचा यू करून त्यात शाई घातलेलं पाणी भरलं. गरम इंजिन, आयडलवर, दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक साधारण 12 ते 13 सेंटीमीटर. म्हणजे पाण्याचे 5 इंच, निरोगी इंजिनात असावेत तेवढेच. करून बघणार असाल तर नळी भरपूर उंच ठेवा. एओएस खरंच गेलेला असेल तर शाईचं पाणी थेट इंजिनच्या पोटात जाईल.

मग यूव्ही डाय, म्हणजे अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग. तेलात घातली, दिवा मारला, पिवळा चष्मा चढवला आणि गाडीखाली दिवाळी! बेलहाउसिंग, ऑइल संप (इंजिनखालचं तेलाचं भांडं), गिअरबॉक्सची बूड, सगळं हिरवंगार चमकतंय. वाऱ्याने तेल मागे पसरतं आणि डाय इमानाने सगळीकडे दाखवते. तेल कुठे पोहोचलं हे कळतं, निघालं कुठून हे नाही. उघड्या व्हॉल्व्ह कव्हरला डाय ठीक आहे. फ्लायव्हीलमागे (क्रँकच्या टोकाला बसणारं जड चाक) लपलेल्या जागेसाठी मला ती पैशाची नासाडी वाटते.

खरा धागा हाती लागला तो पार्किंगमध्ये. गाडी उभी केल्यावर पहिल्या तासात जेवढे थेंब, त्याहून जास्त सकाळपर्यंत. खाली पुठ्ठा टाकून बघितलं, डाग रात्रभर वाढतच होता. आता विचार करा. इंजिन बंद झालं की आरएमएस तेलाच्या पातळीच्या वर राहतं. तिथून गळणारं तेल निथळून थांबायला हवं. रात्रभर चालू राहणारी गळती म्हणजे तोंड पातळीच्या खाली. आणि फ्लायव्हीलमागे, क्रँकच्या खाली काय आहे? आयएमएसचा, म्हणजे क्रँककडून कॅमच्या चेन फिरवणाऱ्या इंटरमिजिएट शाफ्टचा, फ्लँज (त्याच्या टोकावरचं झाकण). या शाफ्टचं बेअरिंग गाडी उभी असताना निम्मंअर्धं तेलात बुडालेलं असतं.

हे लक्षात आल्यावर ठरवलं की इंजिनमधलं तेल काढायचंच नाही. गिअरबॉक्स उतरवायला त्याची गरज नसते, पण सवयीने सगळे आधी तेल सोडतात आणि पुरावाच नाहीसा करतात.

भाड्याच्या वर्कशॉपमध्ये लिफ्ट आठवड्याच्या बोलीवर घेतली. (तासाच्या दराने असलं काम करायला जाऊ नये, निम्मा वेळ घड्याळाकडे बघण्यात जातो.) एक्झॉस्ट, खालच्या तिरक्या पट्ट्या, ॲक्सल, स्टार्टरचं वायरिंग, गिअरबॉक्स, प्रेशर प्लेट, क्लच प्लेट, ड्युअल मास फ्लायव्हील, या क्रमाने सगळं खाली. त्यात सांगण्यासारखं एवढंच की क्लच प्लेट अजून बरीच जाड आहे आणि फ्लायव्हीलचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ते आधी मागवून ठेवा.

आणि फ्लायव्हीलमागे आरएमएस कोरडं ठणठणीत! भोवतालच्या खोबणीत बोट फिरवलं, बोटाला फक्त क्लचची काळी धूळ. मी टॉर्च हातात घेऊन चांगला पाच मिनिटं नुसता बघत बसलो होतो.

खाली आयएमएसचा फ्लँज मात्र सगळा ओला. तीन बोल्ट, मधला स्टड आणि त्याचा नट, कडेची सील, हे सगळं हाताच्या पंजाएवढ्या जागेत. तेल यातल्या कुठूनही येऊ शकतं. पुन्हा दिवा मारला, पुन्हा सगळं हिरवं. शेवटी पुण्याला मामाला फोन केला. सातारा रोडच्या गॅरेजमध्ये त्याची उभी हयात गेली आहे, पण पोर्श त्याने फक्त फोटोत पाहिलेली. म्हणाला, “अरे, ते दिवेबिवे ठेव बाजूला. ब्रेक क्लीनरने धू, सुकव, पावडर मार आणि झोप जा. सकाळी तेलच सांगेल तुला.”

तसंच केलं. लहान बाळांची टाल्कम पावडर मऊ ब्रशने पूर्ण फ्लँजवर पातळ उडवली. सकाळी पांढऱ्या पृष्ठभागावर एकच करडा ठिपका होता, खालच्या बोल्टच्या डोक्याच्या अगदी कडेला. तिथून खाली केसाएवढी ओली रेघ. मधला स्टड कोरडा, वरचे दोन बोल्ट कोरडे. फोटो पाठवला तर मामाचं उत्तर, “बघ. बिल पाठवतो.”

बोल्टमधून तेल येतं कसं? या तीन बोल्टांची भोकं केसिंगमधून आरपार जातात. मागे तेल उभं असतं आणि ते आट्याआट्याने बाहेर सरकत येतं. म्हणून हे बोल्ट साधे चालत नाहीत, आट्यांवर सीलंटचा लेप असलेलेच लागतात आणि तो लेप एकदाच काम करतो. इथे एका ऑनलाइन दुकानाचा किस्सा सांगायलाच हवा. पिशवीवर नंबर बरोबर, आत बोल्ट साधे, लेपाचा मागमूस नाही. परत पाठवतो म्हटलं तर उत्तर आलं, ‘दिसायला वेगळे असले तरी काम तेच करतात.’ काम तेच करत असते तर मी लिफ्टखाली कशाला आलो असतो? असो. अधिकृत डीलरच्या पार्ट काउंटरवर थोडे जास्त पैसे मोजले आणि लेपवाले हातात पडले.

योजना साधी होती. एकेक बोल्ट काढायचा, भोक स्वच्छ करायचं, नवा बोल्ट 10 न्यूटन-मीटरला, मग पुढचा. फ्लँज जागचा हलणार नाही, टायमिंगला धोका नाही, संध्याकाळी गिअरबॉक्स वर. खालचा बदलला, पुन्हा पावडर मारली आणि दुसऱ्या दिवशी ठिपका गेला होता. पण फ्लँजच्या कडेला, घड्याळात सात वाजतात त्या जागी, पावडर किंचित ओलसर. म्हणजे कडेची सीलही गळकी निघाली! इतके दिवस बोल्टच्या मोठ्या गळतीत ती झाकली गेली होती.

इथे योजना बदलली. सील बदलायची तर फ्लँज काढावाच लागणार, आणि चेनचा ताण असताना तो काढला तर शाफ्ट एका बाजूला ओढला जातो, कॅम टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची जुळवलेली वेळ, घसरू शकतं. म्हणून क्रँक टीडीसीला (पिस्टन अगदी वर असतो त्या जागी) आणून पुलीतून पिन घालायची, कॅमच्या टोकांची हिरवी बुचं काढून कॅम लॉक करायचे आणि तिन्ही टेन्शनर सैल करायचे. ती बुचं काढली की नवीच घालायची, तीही यादीत. सुधारित फ्लँजची सील जास्त कडांची आहे, मी पूर्ण फ्लँजच नवा मागवलाय.

फ्लँज उघडणार म्हणजे बेअरिंगचा प्रश्न आलाच. ते तुटलं तर इंजिनच जातं, आणि माझ्या इंजिनात गोळ्यांच्या एकेरी रांगेचं आहे, म्हणजे जास्त बदनाम असलेलं. याच बेअरिंगवरून अमेरिकेत सामूहिक दावा चालला आणि 2001 ते 2005 च्या गाड्यांसाठी तडजोड झाली. मागे मी ‘चालतंय तर हात लावू नये’ या पक्षात होतो. फिल्टर कापून घड्या पसरून बघितल्या तेव्हा धातूची चमक नव्हती, फक्त चेनच्या पट्ट्यांचे एक-दोन तपकिरी तुकडे. पण लिहिता लिहिताच विचार बदलतोय. गिअरबॉक्स खाली आहे, लॉकिंगची हत्यारं भाड्याने आणलेलीच आहेत, मग एलएन इंजिनिअरिंग या अमेरिकन कंपनीचं सिरॅमिक बेअरिंग आत्ताच का नको? बिनगोळ्यांचं (प्लेन) बेअरिंग आणि बाहेरून तेलाची लाइन देणारं त्यांचंच दुसरं किट जास्त टिकाऊ असेलही, पण त्याच्या किमतीत माझे चारही टायर येतात. निर्णय असा: फ्लँज काढल्यावर शाफ्टच्या नळीतून काळं, कुबट वासाचं तेल निघालं तर जुन्या बेअरिंगची सील गेली असं समजायचं आणि सिरॅमिक टाकायचं. कोरडं निघालं आणि हाताने फिरवून खरखर नसेल तर... तरी टाकेन बहुतेक. मला मीच ओळखतो.

आरएमएसला मात्र हात लावणार नाही. ‘उघडलंच आहे तर बदल’ म्हणणारे बरेच आहेत. पण पीटीएफईचं कोरडं सील आपल्या शाफ्टवर घासून घासून जागा धरून बसलेलं असतं. ते उपटून नवं ठोकण्यात फायदा काय? बदलायचंच झालं तर योग्य खोलीवर बसवणारं हत्यार घ्या, सील कोरडंच बसवा आणि ओठाला बोटही लावू नका.

तेलाबद्दल एकाने विचारलं होतं. बेअरिंगच्या कामाआधी आता सगळं काढावंच लागेल, जवळपास 9 लिटर. तेल घेतल्याची पावती जपून ठेवा, इथल्या कायद्याने विकणाऱ्याला तेवढंच जुनं तेल फुकट परत घ्यावं लागतं. मागच्या वेळी मी काउंटरवर डबे ठेवले तेव्हा तिथल्या पोराने तोंड वाकडं केलं, पण घेतले. नवं तेल मोबिल 1 चं 0डब्ल्यू-40 च राहील.

टीयूव्हीची तारीख पुढे ढकलली आहे. दोन महिन्यांपर्यंतच्या उशिराला दंड नाही, तेवढ्यात होईल. फ्लँज आला की उघडतो. कॅम लॉकिंगचं स्वस्त चिनी किट वापरलेलं कुणी असेल तर त्याच्या पिना सैल बसतात का, ते मला त्याआधी कळवा. भाड्याचं किट सोमवारी परत द्यायचंय आणि माझा फ्लँज अजून वाटेत आहे.