हळदीच्या आधीची हळद

भावाच्या लग्नाला महिना होऊन गेला, तरी त्या मसाला कांडपाच्या दुकानावरून जाताना अजून माझं डोकं तापतं. ज्यांच्या घरी एप्रिल-मेमध्ये लग्न आहे आणि अंगाला लावायची हळद ज्यांना स्वतः दळून घ्यायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. हॉल, पत्रिका, आहेर यांवर सगळेच बोलतात. आमचं ते सगळं वेळेत झालं. अडलं ते हळदीपाशी.

आम्ही मुलाकडचे. म्हणजे आधी नवरदेवाला हळद लागणार आणि त्याची उष्टी हळद नवरीकडे जाणार. होणाऱ्या वहिनीनं साखरपुड्याच्या दिवशीच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ताई, मला पाकिटातली हळद सोसत नाही, गालावर पुरळ येतं." त्याच क्षणी मी ठरवलं की आमच्या घरून साताऱ्याला जाणारी हळद हळकुंडं आणूनच दळायची. मुलगी आपल्या घरात येण्याआधी आपल्याकडून तिला जे पहिलं लागतं, ते चोख असावं, असं मला मनापासून वाटतं.

हळकुंडं मिळायला काहीच अडचण आली नाही. पुण्यात मार्केट यार्डच्या भुसार बाजारात सेलमही मिळते आणि सांगलीकडची राजापुरीही. आम्ही राजापुरी घेतली. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. वर्ध्याच्या वायगावच्या हळदीला त्याआधी, 2016 मध्ये, आणि हिंगोलीकडच्या वसमतच्या हळदीला 2024 मध्ये. विदर्भ-मराठवाड्यातल्या लोकांनी तिकडचीच घ्यावी, उगाच सांगलीचा हट्ट नको. घेताना एक करा: हळकुंड ओल्या फडक्यावर घासून बघा. पॉलिश करताना वरून पिवळी पूड चोळलेली असेल तर फडकं लगेच भडक पिवळं होतं. मग एक हळकुंड मोडून बघायचं. आतून गर्द केशरी निघालं की घ्यायचं.

आता दळण. आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवाल्यानं पिशवी बघूनच हात जोडले. त्याचं बरोबर होतं. पुढच्या गिऱ्हाइकाची ज्वारी पिवळी होऊन जाईल, वास लागेल तो वेगळा. घरच्या मिक्सरमध्ये खलबत्त्यात फोडलेले तुकडे थोडे थोडे फिरवता येतात, पण पूड रवाळ राहते, आणि रवाळ हळद चेहऱ्यावर चोळली की ओरखडे उठतात. आईचं जातं होतं, पण त्यावर सुवासिनींच्या पाच मुठी निघतात, वाट्या भरून नाही. म्हणजे उरलं मसाला कांडप.

आणि कांडपवाल्याकडे त्या वेळी काय असतं? मिरची! होळीपासून पावसाच्या तोंडापर्यंत घराघराचं वर्षाचं तिखट कुटलं जातं. दारात पोत्यांची रांग, आत सगळे नाकाला पदर लावून बसलेले. मी वहीत नाव लिहून आले आणि मालकांना स्पष्ट सांगितलं की ही हळद लग्नातली आहे, तोंडाला लावायची आहे, मिरचीनंतर त्याच यंत्रात घालू नका. "सकाळी या," म्हणाले. सकाळी गेले तर पहिली मिरची पडलेली. "उद्या या." उद्या गेले तर आदल्या रात्रीची मिरची यंत्रात तशीच. गुरुवारी आमच्या भागात देखभालीसाठी वीज जाते, तो दिवस तसाच गेला. मग म्हणाले, "अहो ताई, मिरचीनंतरच हळद काढतो आम्ही. सगळे तेच नेतात. भाजीत काय कळतंय?"

मी म्हटलं, "भाजीत नाही कळणार, दादा. नवरीच्या डोळ्यांत गेलं की कळेल."

ते हसले आणि पुढचं पोतं ओढलं. तो हसण्याचा राग मला आजही आहे. माझ्यामागे उभ्या असलेल्या बाईंनी सांगितलं की त्यांच्या नात्यातल्या नवरदेवाला अशाच हळदीनं बोहल्यावर उभं राहीपर्यंत आग होत होती. म्हणजे हे माझं एकटीचं खूळ नव्हतं. मिरचीची भुकटी यंत्राच्या खाचाखोचांत बसते आणि नुसत्या फडक्यानं निघत नाही, हे तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. "आज जमणार नाही" असं सरळ सांगितलं असतं तर मी दुसरं दुकान शोधलं असतं. रोज आशेला लावून ठेवायचं आणि घरी पाहुण्यांचा स्वयंपाक सोडून आलेल्या माणसाला तासन् तास ठसक्यात बसवायचं, याला काय म्हणावं?

काम झालं ते आत्यामुळे. ती गावाहून आली, सगळं ऐकलं आणि लग्नाची पत्रिका घेऊन थेट मालकांच्या बायकोला भेटली. दुसरं यंत्र त्या बघतात. पत्रिका हातात दिली, अक्षता दिल्या आणि म्हणाली, "सुनेची हळद आहे, तुमच्या हातून होऊ दे." मालकीणबाईंनी लगेच सांगितलं की सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा यंत्र उघडून धुतात, मंगळवारी दुकान उघडायच्या आत या. गेलो. त्यांनी आधी तांदळाची कणी यंत्रातून काढली, मग आमची हळकुंडं घातली. पहिली ओंजळभर पूड वेगळी काढली, "ही स्वयंपाकाला" म्हणून. नंतरची मी तिथेच जिभेवर ठेवून पाहिली. तिखटाचा लवलेश नव्हता. साप्ताहिक सुट्टीनंतरचा पहिला घाणा मागायचा असतो, एवढंच पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर!

घरी आणून हळद वस्त्रगाळ केली, मलमलच्या जुन्या ओढणीतून. चाळणीवर भागवू नका. तेलात कालवल्यावर फरक बोटांना कळतो.

तयार पूडच घ्यावी लागली तर पेलाभर पाण्यात चमचाभर टाका आणि न ढवळता ठेवा. चांगली हळद तळाशी बसताना पाण्याला फिकट पिवळा रंग देते. पाणी गडद पिवळं झालं तर ती परत करा. हळदीत रंगासाठी लेड क्रोमेट मिसळतात, त्यात शिसं असतं.

हळकुंडं दळायला देण्याआधी दोन-तीन उन्हं दाखवायची, हे वर सांगायचं राहिलं. दमट हळकुंड यंत्रात चिकटतं.

मुहूर्तमेढ, देवक, घाणा सगळं रीतीप्रमाणे झालं. मुसळांना आंब्याची पानं, हळकुंड, सुपारी बांधली, आणि वस्त्रगाळ हळदीत जात्यावरची चिमूटभर मिसळली. सुवासिनींनी आंब्याच्या पानांनी पायापासून वर हळद चढवत नेली. मग पितळी डबा आणि हळदीची साडी घेऊन मी आणि मामी साताऱ्याला निघालो. हिरव्या चुड्याच्या हातांनी वहिनीनं डबा उघडला, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. दोन दिवसांनी तिचा फोन आला, "ताई, काही म्हणता काही झालं नाही." मला इतका आनंद आणि अभिमान लग्नातल्या दुसऱ्या कशाचाच वाटला नाही.

हळद लावल्यावर अंग लगेच साबणानं धुऊ नका. साबणात क्षार असतो, त्यानं हळद लाल होते आणि पाहुणे घाबरतात. आधी डाळीचं पीठ आणि दूध लावून काढा. कपड्यांवरचे डाग धुऊन कडक उन्हात टाकले की बरेचसे उडतात, आमच्या सतरंजीचे गेले.

आणि ज्यांचं लग्न उन्हाळ्यात ठरलंय त्यांनी मिरची सुरू व्हायच्या आत, माघातच दळण उरकून घ्यावं. नवी हळद बाजारात यायची थांबू नका. मागच्या वर्षीची हळकुंडं कोरडी ठेवलेली असली तर छान चालतात, आणि पूड घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात लग्नापर्यंत नीट राहते.