बचत गटाचं पहिलं बँक कर्ज: वह्या, आराखडा आणि हप्ता (माझा अनुभव)

बचत गटाच्या पहिल्या कर्जाला तारण लागत नाही, सातबारा लागत नाही, जामीनदारही लागत नाही. लागतात त्या सहा महिन्यांच्या नीट लिहिलेल्या वह्या. आमचा गट बीड जिल्ह्यातला, बारा जणींचा. दिवाळी झाली की आमच्या भागातली कितीतरी घरं कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यांच्या तळावर जातात, त्यामुळे बैठक, बचत आणि हप्ता या तिन्हींचं गणित इथे वेगळं बसवावं लागतं. सचिव म्हणून कागदांचं काम माझ्याकडे होतं. ते कोणत्या क्रमाने होतं, कुठे अडतं आणि अडलं तर नियम काय म्हणतो, ते लिहिते.

गट दहा ते वीस जणींचा असावा लागतो. डोंगराळ किंवा आदिवासी भागात आणि दिव्यांगांच्या गटात पाच जणीही चालतात. एका घरातून एकच बाई घ्यावी. दोघी जावा एकाच गटात असल्या आणि घरात वाटणीचं भांडण निघालं तर ते बैठकीत येतं. बचतीची रक्कम ठरवताना गटातली सगळ्यात अडचणीतली बाई किती देऊ शकेल ते बघा. आमच्याकडे मजुरी आठवडी बाजाराच्या दिवशी हातात येते, म्हणून महिन्याला २०० रुपये गोळा करण्याऐवजी आठवड्याला ५० ठेवले. एकदम दोनशे म्हटलं की दोन-तीन जणी मागे पडतात, आणि मागे पडलेली बचत वहीत कायमची दिसते.

बचत खातं अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष यांच्या नावाने, तिघींपैकी दोघींच्या सहीने चालतं. शाखेत बहुतेक वेळा सगळ्या सभासदांचं आधार, पॅन, फोटो मागतात आणि इथेच पहिला महिना जातो. रिझर्व्ह बँकेचा नियम साफ आहे: बचत खातं उघडताना फक्त पदाधिकाऱ्यांचं केवायसी (ओळखीच्या कागदांची तपासणी) पुरतं. बाकीच्यांचं कर्जाच्या वेळी करता येतं. खातं उशिरा निघालं तरी घाबरू नका, कारण कर्जासाठीचे सहा महिने खातं उघडल्यापासून मोजत नाहीत, गटाच्या वह्यांवरून मोजतात. म्हणून पहिल्या बैठकीपासून वही लिहायला घ्या. आणि ऊसतोडीच्या गावात सहीच्या तिघींपैकी निदान दोघी हंगामात गावातच राहणाऱ्या असाव्यात. तिघी तळावर गेल्या तर मार्चपर्यंत खातं बंद असल्यासारखंच.

आता अंतर्गत कर्ज. याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण चांगले गट इथेच मार खातात. बचत बँकेत साठवत ठेवली म्हणजे गट शिस्तीचा, असा समज आहे. बँकेच्या दृष्टीने तो गट न तपासलेला असतो. बायकांनी एकमेकींना पैसे दिले, वेळेवर परत घेतले, थकले तर बैठकीत बोलल्या, हे दिसलं तरच बाहेरचा पैसा त्या सांभाळतील असं मानता येतं. आमचा दर शेकडा दोन रुपये महिना. बारा जणींचे महिन्याला २,४०० जमले की त्याच बैठकीत ते वाटायचे. सहा महिन्यांची बचत १४,४०० होते, आणि दर महिन्याची जमा लगेच कर्जाऊ गेली तर दुसऱ्या महिन्यापासून ४८, ९६, १४४, १९२, २४० असं एकूण ७२० रुपये व्याज येतं. गटाचा निधी १५,१२०.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण कर्ज याच्या पटीत मिळतं. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाखाली (आपल्याकडे 'उमेद') पहिलं मुदत कर्ज (एकदम मिळणारं, ठरलेल्या हप्त्यांनी फेडायचं) निधीच्या सहापट किंवा दीड लाख, यांतलं जे जास्त असेल ते. १५,१२० ची सहापट ९०,७२० होते, म्हणजे दीड लाख मिळायला हवेत. तीन महिने नीट चाललेल्या गटाला 'उमेद'कडून फिरता निधी येतो. पूर्वी तो पंधरा हजारांपर्यंत होता, महाराष्ट्रात आता तीस हजारांपर्यंत आहे. तोही निधीत धरतात. ४५,१२० ची सहापट २,७०,७२०. फिरता निधी हे गटाला मिळालेलं अनुदान आहे, तो बायकांनी आपसात वाटून संपवायचा नसतो. वाटून टाकलेला फिरता निधी म्हणजे तीस हजारांचं नुकसान नव्हे, २,७०,७२० वरून दीड लाखावर येणं, म्हणजे १,२०,७२० रुपयांच्या कर्जपात्रतेचं नुकसान आहे. शाखेत पुष्कळदा फक्त पासबुकातली शिल्लक बघून सहापट काढतात. अंतर्गत कर्जात बाहेर असलेली रक्कम, व्याज, दंड आणि फिरता निधी हे सगळं मिळून निधी होतो. त्याचा एक पानाचा हिशेब करून, सह्या-शिक्का मारून अर्जाला जोडा.

वह्या पाच: हजेरी आणि इतिवृत्त, रोखवही, बचतीची वही, कर्जाची वही, खतावणी. शिवाय प्रत्येकीचं पासबुक. ग्रेडिंगला, म्हणजे कर्जाआधी गट तपासून गुण द्यायला, आलेला माणूस आकड्यांच्या आधी वही कशी लिहिली आहे ते बघतो. सहा महिन्यांच्या बैठका एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेल्या असतील तर ते पहिल्या पानावरच कळतं. खाडाखोड असली तरी हरकत नाही, आडवी रेघ मारून शेजारी सही करा. पांढरी शाई मात्र लावू नका. हजेरी सगळीकडे शंभर टक्के दाखवू नका. बारा पैकी दहा जणी आल्या, दोघींना पाच-पाच रुपये दंड झाला आणि तो रोखवहीत जमा आहे, अशी वही जास्त खरी वाटते, कारण ती खरी असते.

वही आणि बँक पासबुक जुळत नाही हे फाईल परत येण्याचं मोठं कारण, आणि फरक बहुधा अगदी किरकोळ असतो. बँक तिमाहीला बचत खात्यावर व्याज जमा करते, कधी एसएमएसचे पैसे कापते. या नोंदी रोखवहीत कोणी घेत नाही आणि सहा महिन्यांनी चाळीस-पन्नास रुपयांचा फरक निघतो. महिन्यातून एकदा पासबुक छापून घ्यायचं आणि पुढच्या बैठकीत त्या रकमा लिहायच्या, एवढाच उपाय. दुसरी गोष्ट हातातल्या रोख शिल्लकेची. आम्ही ठरावच केला की बैठक संपताना कोषाध्यक्षाकडे ५०० रुपयांपेक्षा जास्त राहणार नाहीत.

ग्रेडिंगमध्ये बघतात ती दशसूत्री (गटाने पाळायच्या दहा गोष्टी), पण बँकेचा भर पहिल्या पाचांवर: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब. ग्रेडिंग झालं की सूक्ष्म पत आराखडा, म्हणजे कोणत्या घराला किती कर्ज, कशाला आणि ते कसं फिटेल याचा कागद, शाखेत ज्याला एमसीपी म्हणतात. समुदाय संसाधन व्यक्ती, म्हणजे सीआरपी ताई, छापील नमुना आणून देतात, पण तो घाईत भरला तर पुढचे तीस महिने भोगावं लागतं. प्रत्येक घराचं उत्पन्न महिनावार लिहा. आमच्याकडे नोव्हेंबर ते मार्च तोडीचे पैसे उचलीतून (मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या रकमेतून) आधीच खर्च झालेले असतात, जून-जुलैत पेरणी आणि शाळा येते, कापूस वेचणीला थोडी मजुरी हातात येते. हे पान भरलं की कोणाला कोणत्या महिन्यात हप्ता झेपणार नाही ते आपोआप दिसतं. त्यानंतर घरावर आधीचं कर्ज काय आहे ते लिहायचं. यात सावकार, मुकादमाची उचल, आठवड्याच्या हप्त्याच्या कंपन्या, सगळं आलं. लाजेपोटी कंपनीचं कर्ज सांगितलं नाही तरी बँकेला क्रेडिट ब्युरोत (सगळ्यांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेत) ते दिसतंच.

यावर एक महत्त्वाचं. घरातलं संकट, आजारपण यामुळे कोणाचं जुनं कर्ज थकलं असेल तर तेवढ्यावरून ती किंवा गट अपात्र ठरत नाही. ऐपत असून जाणूनबुजून बुडवणारी मात्र बँक कर्जाच्या वाटणीत नको, असा नियम आहे. ती बचतीत आणि अंतर्गत कर्जात राहू शकते. शाखेत हा फरक न करता "एक थकीत, म्हणून सगळा गट बाद" असं ऐकायला मिळतं. तेव्हा नियम शांतपणे सांगायचा आणि फाईल का नाकारली ते लेखी मागायचं. तरी हललं नाही तर अग्रणी जिल्हा प्रबंधकाकडे (जिल्ह्याच्या लीड बँकेच्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो. 'उमेद'च्या तालुका कक्षाकडून तालुक्यातल्या बँकांच्या बैठकीत विषय घेता येतो. बँक सखी (शाखेत गटांना मदत करणारी ताई) असेल तर तिला सोबत न्या, तिला कोणता कागद कोणाच्या टेबलावर असतो ते माहीत असतं.

दीड लाख बारा जणींत सारखे वाटले तर प्रत्येकीला १२,५०० येतात. त्यात धड शेळ्या होत नाहीत, धड शिलाई मशीन आणि कापड होत नाही. सारखी वाटणी सगळ्यांना न्याय्य वाटते, आणि मला ती गटाची सगळ्यात महागडी सवय वाटते. सहा जणींना २५,००० द्या, बाकीच्या सहा जणींचा क्रम ठरावात लिहून ठेवा, आणि जसजसे हप्ते व गटाचा स्वतःचा पैसा फिरेल तसं त्यांना द्या. जबाबदारी बाराही जणींची असल्याने हा क्रम सगळ्यांसमोर आणि सगळ्यांच्या सहीनेच ठरला पाहिजे.

पैसा कशाला वापरायचा, यावर एक गैरसमज आहे की बँकेचं कर्ज धंद्यालाच लागतं. दोन लाखांपुढच्या कर्जात निम्मी, चार लाखांपुढे पाऊण आणि सहा लाखांपुढे ८५ टक्के रक्कम उत्पन्नाच्या कामाला वापरावी, असं रिझर्व्ह बँक सांगते. त्याखालच्या पहिल्या कर्जातून महागडं कर्ज फेडायला मुभा आहे. माझ्या मते ज्या घरावर सावकारी आहे त्या घराने पहिला पैसा तिकडेच लावावा. २०,००० वर शेकडा पाचने महिन्याला १,००० व्याज जातं. गटाकडून शेकडा एकने २०० जातील. महिन्याला वाचलेले ८०० रुपये देणारी शेळी मला माहीत नाही. उचलीचंही तसंच. पावसाळ्यात घरखर्चाला पैसे मिळाले तर मुकादमाकडून घ्यायची रक्कम कमी होते, आणि उचल कमी म्हणजे फेडायला तोडावा लागणारा ऊस कमी.

मंजुरी आली की मंजुरीपत्र सही करण्याआधी वाचा. तीन लाखांपर्यंत महिला गटाला व्याज सात टक्के. दहा लाखांपर्यंत तारण नाही, मार्जिन (आपल्या खिशातून घालायचा हिस्सा) नाही, आणि गटाच्या बचत खात्यावर बोजाही नाही. "बचतीतून मुदत ठेव करा, मग कर्ज देतो" असं कोणी म्हटलं तर ते नियमात बसत नाही. एवढ्या छोट्या कर्जावर प्रक्रिया शुल्कही लागू नये. कर्जातून विम्याचे पैसे कापले तर कोणता विमा ते विचारा. जीवनज्योती वर्षाला ४३६ आणि सुरक्षा विमा २० रुपये, हे दोन्ही घेण्यासारखे आहेत, पण ते बाईच्या संमतीने.

हप्त्याचं वेळापत्रक हा ऊसतोडीच्या गटाचा जीव आहे. पहिलं कर्ज २४ ते ३६ महिन्यांत, मासिक किंवा तिमाही हप्त्याने फेडता येतं. शाखा सवयीने मासिक लावते. आम्ही तिमाही मागितला: दहा हप्ते, मुद्दल १५,००० आणि पहिल्या तिमाहीचं व्याज २,६२५. पण व्याज दर महिन्याला भरायचं की तिमाहीला, ते मंजुरीपत्रात स्पष्ट लिहून घ्या. हप्ता तिमाही आणि व्याज मासिक असेल तर कोणाच्या लक्षात न येता खातं थकीत दिसतं. ठरलेल्या तारखेनंतर तीस दिवसांत भरलं नाही तर वेळेवर फेडणाऱ्यांची व्याजातली सवलत जाते, नव्वद दिवसांनी खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या थकबाकीदारांच्या यादीत. तळावरच्या जणी गटाच्या खात्यात फोनवरून पैसे टाकतात. तेव्हा प्रत्येकीने संदेशात आपलं नाव आणि 'बचत' की 'कर्ज' एवढं लिहावं, नाहीतर फेब्रुवारीतल्या चार सारख्या रकमा कोणाच्या, हे एप्रिलपर्यंत कळत नाही. सभासदांकडून बँकेच्या पैशावर आम्ही शेकडा एक घेतो, बँकेला सात टक्के जातात. सुरुवातीला महिन्याला १,५०० येतात, ८७५ जातात, आणि उरलेले ६२५ निधीत राहून पुढच्या वेळची मर्यादा वाढवतात.

मुदत कर्जाऐवजी कॅश क्रेडिट (मर्यादेपर्यंत हवं तेव्हा काढायचं-भरायचं कर्ज खातं) मिळत असेल तर विचार करा. तिथे तीन वर्षांसाठी किमान सहा लाखांची मर्यादा असते आणि दरवर्षी काढता येणारी रक्कम वाढते: पहिल्या वर्षी निधीच्या सहापट किंवा दीड लाख, दुसऱ्या वर्षी आठपट किंवा तीन लाख, तिसऱ्या वर्षी आराखड्याप्रमाणे किमान सहा लाख. हंगामी कमाईच्या गावाला ते सोयीचं आहे, पैसे आले की भरायचे, लागले की काढायचे. फक्त एक अट पाळावी लागते: दर महिन्याला निदान एकदा खात्यात पैसे भरले गेले पाहिजेत, आणि ती रक्कम त्या महिन्याच्या व्याजाइतकी तरी हवी. नोव्हेंबरमध्ये गाव रिकामं व्हायच्या आधी पुढच्या पाच महिन्यांच्या व्याजाची रक्कम बचत खात्यात वेगळी ठेवा आणि ती दर महिन्याला कर्ज खात्यात वळवायचं काम गावात राहणाऱ्या दोन सहीवाल्यांच्या नावाने ठरावात लिहा.